दिसलं नाही, असं लिहा

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात तुम्ही उभे आहात. बायको साडीचा भाव करते आहे, दुकानदार 'भाभीजी, भाभीजी' करत भाव तिथंच ठेवून फक्त आवाज खाली आणतो आहे, आणि इतक्यात मागून खणखणीत हाक येते, "वायव्हॅक्स! ऑगस्ट १९९५!" चार लोक वळून तुमच्याकडे बघतात. तुम्ही दचकता, कारण त्या ऑगस्टमध्ये तुम्हाला खरोखरच वायव्हॅक्स जातीचा हिवताप झाला होता, आणि ही गोष्ट तुमच्या आईनंतर जगात एकाच माणसाच्या लक्षात आहे. ते आमचे स्लाइडकाका.

काकांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. चेहरेही फारसे नाहीत. रक्त राहतं. एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ३४ वर्षं त्यांनी रक्ताच्या काचा पाहिल्या. उत्तर नागपुरातलं निम्मं रक्त त्यांच्या नजरेखालून गेलं आहे, असं आम्ही म्हणतो. ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, "निम्मं म्हणजे किती? मोजलं कोणी?"

या स्वभावाची माणसं एका पेठेची मक्तेदारी नाहीत. टपाल खात्यात, वीज मंडळात, मोडी वाचणाऱ्यांतही ती सापडतात. पण या जातीचं अस्सल वाण प्रयोगशाळेतच पिकतं. चष्मा कपाळावर, उजवा डोळा कायमचा किंचित बारीक, शर्टाच्या खिशावर जांभळा डाग आणि तोंडात दोनच निकाल: 'दिसलं' आणि 'दिसलं नाही'. 'नाही' हा सुटा शब्द त्यांच्या कोशात नाही. नव्या पोरानं अहवालात 'मलेरिया नाही' असं लिहिलं की काका त्याच्या हातातलं पेन काढून घेत. "तुले कसं ठाऊक, नाही म्हून? तू शंभर जागा पाहिल्या. एकशेएकाव्या जागी बसला असंन तं? दिसलं नाही, असं लिही."

हेच घरी. दूध आलं का? दिसलं नाही. पाऊस थांबला का? थेंब दिसला नाही. मुलगी पाहून आल्यावर वडिलांनी 'पसंत आहे का' असं विचारलं, तेव्हाही यांनी 'दोष दिसला नाही' असंच उत्तर दिलं होतं. काकूंनी ते वाक्य चाळीस वर्षं जपून ठेवलं आहे, आणि कौतुकानं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप विकत घेतला आणि दयानंद पार्कच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत खिडकीशी मांडला. देव्हाऱ्याला पडदा नाही, मायक्रोस्कोपला आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्याची एक कड गिम्सा रंगानं जांभळी झाली आहे. हा रंग हँबुर्गच्या गुस्ताव गिम्सानं १९०४च्या सुमारास बसवला. काकूंना गिम्सा कोण हे ठाऊक नाही, पण तो कधी दारात आला तर त्याला काय सुनवायचं ते तयार आहे.

यंत्र आलं, रंग आला; रक्त कुठून आणायचं? पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांनी लाजेकाजेस्तव बोटं पुढं केली. दुसऱ्या महिन्यात लोक दिवाळीच्या फराळालासुद्धा मुठी मिटून नमस्कार करू लागले. वरच्या मजल्यावरच्या सिंधी भाभींनी दाल-पकवानाची थाळी जिन्यावर ठेवून तिथूनच हाक मारायची पद्धत पाडली.

काका खचले नाहीत, कारण त्यांच्या मते हेच रोनाल्ड रॉसचंही झालं होतं. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. त्यासाठी हुसेन खान नावाच्या रोग्याला त्यानं डासामागे एक आणा देऊन चावून घ्यायला लावलं होतं. पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला गेला, तर प्लेगच्या लसीच्या धास्तीनं कोणी रक्त देईना. मग त्यानं चिमण्या धरल्या. आजारी पाखराला चावलेला डास धडधाकट पाखराला चावला की त्यालाही रोग होतो, हे त्यानं जुलै १८९८मध्ये दाखवून दिलं. हिवताप डासाच्या डंखातून पसरतो याचा पहिला धडधडीत पुरावा असा पिंजऱ्यातल्या चिमण्यांनी दिला. "नोबेल भेटलं १९०२ले," काका सांगतात, "थेबी एकट्या रॉसले. चिमण्यायचं कोणी नाव नाही घेतलं." हे ते अशा आवाजात सांगतात की ती चिमणी त्यांच्या नात्यातली असावी.

पक्ष्याच्या रक्ताची पहिली काच त्यांनी पाहिली तो दिवस गल्लीला आठवतो. कूलरवर मरून पडलेलं एक पारवं होतं. काकांनी काच रंगवली, तेलाचा थेंब टाकला, हजारपट मोठं करणारं भिंग खाली आणलं आणि पाच मिनिटांत चप्पल घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले. झालं असं की माणसाची लाल रक्तपेशी गोल, मधोमध दबलेली. तिच्यात केंद्रक नसतं. ३४ वर्षं तीच पाहिलेली. पक्ष्याची पेशी लांबट, सुमारे १२ मायक्रॉनची, आणि तिच्या मध्यभागी ठसठशीत केंद्रक. बोरात बी असावी तसं. पुस्तकात वाचलेलं होतं; पण पुस्तकातलं डोळ्याला पटायला वेळ लागतो. "मले वाटलं मोतीबिंदू उतरला," काका म्हणाले. डॉक्टरांनी डोळे तपासून निर्वाळा दिला: दोष दिसला नाही. काका त्यांच्यावर बेहद्द खूश झाले.

त्यानंतर त्यांनी पाखरांच्या रक्तातल्या जिवांना ओळखायचा ध्यास घेतला. हे शास्त्र ते भाडेकरूंच्या भाषेत समजावतात, आणि जरीपटक्यात दुसरी कुठली भाषा इतक्या लवकर पोचत नाही. प्लाझमोडियम म्हणजे हिवतापाचा खानदानी जंतू: हा एका खोलीचा करार करतो, आत पोटभाडेकरू भरतो, आणि एक दिवस खोली फोडून सगळे बाहेर पडतात. हिमोप्रोटिअस हा त्याचा चुलतभाऊ. हा रक्ताच्या पेशीत शिरला की आत वाढतो, पण फुटत नाही. झोपलेल्या पोराच्या पाठीशी मांजर वळून बसावं तसा केंद्रकाला वळसा घालून निवांत बसतो. दोघंही हिमोग्लोबिन खातात आणि सोनेरी-तपकिरी दाण्यांचा कचरा मागं ठेवतात. तिसरा ल्युकोसायटोझून. हा कचरा करत नाही, मात्र घराची अशी मोडतोड करतो की मूळ मालक ओळखू येत नाही. "म्हणजे शेवटी घर कोणाचं?" असं एका भाडेकरूनं विचारलं होतं. काकांनी त्याला काच दाखवली. तो घरी जाऊन करारनामा काढून बसला.

आता, काच रंगवणं ही पुस्तकात चार ओळींची गोष्ट आहे. थेंब पसरा, वाळवा, मिथेनॉलमध्ये बुडवा, गिम्सात तासभर ठेवा, धुवा. ज्यानं हे लिहिलं त्यानं नागपुरात मे महिना काढलेला नसावा. पारा ४५च्या वर गेला की थेंब पसरण्याआधीच वाळतो. जुलैत उलटं: काच वाळतच नाही, पेशी फुगून फुटतात, आणि ज्याला आपण नवा जंतू समजतो तो रंगाचा गाळ निघतो. काकूंचा केस वाळवायचा ड्रायर तेव्हापासून प्रयोगशाळेच्या मालमत्तेत जमा आहे. आणि मुंग्या! वाळत ठेवलेल्या काचेवरचं रक्त मुंग्या, माश्या, झुरळं चाटून स्वच्छ करतात. एकदा रात्री ठेवलेल्या आठ काचा सकाळी अशा लख्ख होत्या की काकूंनी त्या धुतल्या म्हणून दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी मुंग्या रंगेहाथ सापडल्या. काकांनी माफी मागितली का, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "दिसली नाही."

रानातल्या पक्ष्याला हात लावायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो, आणि यायलाच हवा. काकांनी रीतसर अर्ज केला. दयानंद पार्कातल्या बुलबुल-साळुंक्यांच्या पंखाखालच्या शिरेतून सुईच्या टोकाएवढं रक्त घेण्याची परवानगी मिळावी. एका कार्यालयातल्या बाबूनं विचारलं, "संस्था कोणती?" काका म्हणाले, "मी." बाबूनं अर्ज उलटा करून मागं काही लिहिलं आहे का ते पाहिलं आणि परत दिला.

म्हणून मग कबुतरं. दोन गल्ल्या सोडून गच्चीवर कबुतरं पाळणारे एक साईं राहतात. पाळीव पाखरू, मालकाची परवानगी, सुई टोचायला पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा त्यांचा पुतण्या; कायद्याला बोट ठेवायला जागा नाही. साईंची पहिली शंका अशी, "काका, मेरे राजा को शुगर तो नहीं?" काकांनी राजाची काच पाहिली आणि आनंदानं खुर्चीतून उठले. हिमोप्रोटिअस कोलंबी! कबुतरांच्या अंगावर एक चपटी माशी असते, पिसांमधून तिरकी पळते, चिमटीत सापडत नाही. तिच्याच डंखातून हा जंतू कबुतराकबुतरांत फिरतो. अल्जीरियात सर्जां बंधूंनी १९०६ला हे शोधलं. काकांनी साईंच्या नातवाला माशीमागे दहा रुपये लावले, कारण एक आण्याचा दर आता परवडण्यासारखा राहिला नाही. पोरानं एका रविवारी सात माश्या आणल्या. सहा बाटलीत होत्या. सातवी काकूंच्या मानेवर सापडली.

काकांच्या टेबलावर रॉसच्या बरोबरीनं आणखी एका माणसाचं नाव चिकटवलेलं आहे, ते मात्र मला आधी ठाऊक नव्हतं. फ्रोइलानो द मेलो. गोव्यातल्या बाणावलीचे, जन्म १८८७. पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाची धुरा वाहिली, पणजीचं नगराध्यक्षपद सांभाळलं, पोर्तुगालच्या संसदेत गोव्याच्या वतीनं बसले, आणि याच आयुष्यात, १९३०च्या दशकात, पाखरांच्या रक्तातल्या जंतूंना नावं देत राहिले. भारद्वाजातला, खंड्यातला, हळद्यातला. सेंट्रोपी, हॅल्सियोनिस, ओरिओली. ज्या पाखरात सापडला त्याचंच नाव त्याला, म्हणजे घराच्या पाटीवर भाडेकरूची ओळख. १९५५ला ते ब्राझीलमध्ये वारले. आपल्याकडे त्यांचं नाव कोणाला विचारलं तर लोक फुटबॉलपटू समजतात. काका म्हणतात, "त्या माणसानं संसदेत काय भाषण केलं थे कोणाले आठवत नाही. पण खंड्याच्या जंतूच्या मागं अजूनबी त्याचं नाव अन् १९३५ लागते." काकांना याहून मोठी सद्गती ठाऊक नाही.

सद्गतीवरून आठवलं. गल्लीतल्या एका आजोबांचा दहावा होता. पिंड ठेवून तास झाला, कावळा शिवेना. चार कावळे लिंबावर बसून आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. थोरल्यानं हात जोडून सांगितलं, धाकट्याचं लग्न लावून देऊ. कावळा ढिम्म. धाकट्यानं सांगितलं, गावाकडच्या वावराचा वाद मिटवू. कावळ्यानं मान फिरवली. तेव्हा काका पुढं आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तब्येत बरी नसंन त्याची. रक्त पाहा लागंन." आणि वर भर म्हणून, १८९७मध्येच कॅनडात मॅकॅलम नावाच्या पोरसवद्या डॉक्टरनं कावळ्याच्याच रक्तात या जंतूंचा नर-मादी संयोग कसा पाहिला, तेही सांगायला लागले. संयोग हा शब्द उच्चारला गेला आणि भटजींनी डोळे मिटले. त्याच क्षणी कावळा उतरला. आजोबांची इच्छा नेमकी कोणती होती यावर त्या घरात अजून एकमत नाही.

दिवाळीत बंगळुरूहून भाची आली. ती पीएचडी करते, आणि विषय योगायोगानं हाच; फक्त मायक्रोस्कोपच्या जागी डीएनए. "मामा, डोळे कशाला फोडता? थेंबभर रक्त अल्कोहोलमध्ये टाका, मी पीसीआर करून सांगते." काकांनी विचारलं, "म्हणजे पाहणार कोण?" "कोणीच नाही." काका पाणी प्यायले.

तिनं समजावलं. पक्ष्याच्या प्रत्येक लाल पेशीत केंद्रक, म्हणजे थेंबभर रक्तात पाखराचाच डीएनए पोतंभर; जंतूचा म्हणजे त्या पोत्यातला एक खडा. पीसीआर तो खडा निवडत बसत नाही. फक्त खड्याच्याच प्रती काढतो, एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि एका फेरीत भागलं नाही तर दुसरी फेरी. मग सायटोक्रोम-बी या जनुकातला सुमारे ४८० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या मालअवी या कोठारात ताडून बघायचा. तिथं जंतूंचे वंश नोंदलेले आहेत, एसजीएस-१, जीआरडब्ल्यू-४ अशा खात्यांनी. हिमालयात फराह इश्तियाक यांच्यासारख्या संशोधकांनी, पश्चिम घाटाच्या शोला-माथ्यांवर इतरांनी याच वाटेनं किती जंतू उजेडात आणले, तेही तिनं सांगितलं. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बँकेसारखं आहे. खातं नंबर सांगते, माणूस दाखवत नाही."

सहा कबुतरं ठरली. काकांनी काचा पाहिल्या: चारांत दिसलं, दोनांत दिसलं नाही. भाची रक्त घेऊन गेली. तीन आठवड्यांनी व्हिडिओवर निकाल: सहाच्या सहा बाधित. मामांना वाईट वाटेल म्हणून तिनं आधी प्रकृती वगैरे विचारली होती. काकांनी वही कॅमेऱ्यासमोर धरली. "वाच. मी कुठं 'नाही' लिहिलं? दिसलं नाही, असं लिहिलं. तुले दिसलं. झालं!" त्या आनंदात त्यांनी साईंना संत्रा बर्फी नेऊन दिली आणि सांगितलं की तुमची सगळी कबुतरं आजारी आहेत.

पण भाचीचं एक दुखणं होतं. क्रमांक पाचची अक्षरं लागत नव्हती. आलेखावर एकाच जागी दोन दोन शिखरं, एकावर एक चढलेली. "नमुना खराब झाला असेल," ती म्हणाली. काका वहीचं मागचं पान उलटवत होते. क्रमांक पाचखाली त्यांनी पेन्सिलीनं दोन चित्रं काढून ठेवली होती: एक केंद्रकाला वळसा घालून बसलेला, दुसरा द्राक्षाच्या घडासारखा फुटायला टेकलेला. खाली लिहिलेलं: 'दोन भाडेकरू. एकाच घरात.' एक हिमोप्रोटिअस, एक प्लाझमोडियम. दोघांची अक्षरं एकमेकांत मिसळली होती. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "मामा, ती काच मला पाठवा." काका म्हणाले, "काच गाव सोडत नसते. तू ये."

क्रमांक सहाचा वाद अजून मिटलेला नाही. भाचीच्या यंत्रात जंतू आहे. काकांनी तीन रात्री जागून काच पाहिली, त्यांना दिसला नाही. तिचं म्हणणं, संख्या कमी असेल. काकांचं म्हणणं, माशी चावून जंतू आत सोडून गेली असेल, पण तो त्या अंगात वाढलाच नसेल. डीएनए आहे म्हणजे पाखरू खरंच त्याचं घर झालं असं कशावरून? भाचीनं कबूल केलं की हाच मुद्दा लिथुआनियाचे गेदिमिनस वाल्क्यूनस वर्षानुवर्षं मांडत आले आहेत: जनुक वाचा, पण काचही बघा. काकांनी ते नाव तीनदा म्हणून घेतलं. "मंग थो आपला माणूस आहे. त्याले सावजी चालते का विचार."

'या सगळ्याचा उपयोग काय' हा प्रश्न गल्लीत दर आठवड्याला निघतो. तो विचारणारे स्वतः दिवसभर काय उपयोगाचं करतात ते मी पाहिलेलं आहे, म्हणून मी त्यात पडत नाही. भाची मात्र उत्तर देते. १९२०च्या दशकात प्लाझमोक्विन हे हिवतापावरचं औषध आधी कॅनरी पक्ष्यांवर तपासलं गेलं. प्रयोगशाळेच्या उंदरात चालणारा हिवताप १९४८मध्ये सापडेपर्यंत माणसाच्या हिवतापावरच्या औषधांची पहिली परीक्षा बहुतेक पाखरंच देत होती. आणि हवाई बेटांवर १८२६च्या सुमारास जहाजातून डास उतरले, पुढं पाखरांचा हिवताप आला. तिथल्या हनीक्रीपर पक्ष्यांच्या कितीतरी जाती त्यात संपल्या, उरलेल्या डोंगरावर थंडीत जीव धरून आहेत. ती हे सांगत असते तेव्हा काका ऐकतही नाहीत. ते भिंगाला डोळा लावून बोटानं मोजत असतात, शंभर जागा, आणि सवयीनं एकशेएकावी.

साईंचा राजा अजून उडतो. त्याच्या रक्तात काय आहे हे कळल्यापासून साईं त्याला बदाम घालतात, त्यामुळे तो थोडा जड झाला आहे, इतकंच.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजानं पंख कापलेला घुबडाचा पठ्ठा, बगळा, घार असं काही तुमच्या गच्चीवर पडलं तर आधी खोक्यात ठेवा आणि सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या. वाटेत जरीपटक्यात थांबू नका. काका दारातच उभे असतात, आणि त्यांना फक्त एक थेंब हवा असतो.